उपग्रहांचा डबा ऐसपैस

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या कॉलनीत संध्याकाळी एकच खेळ चालायचा, डबा ऐसपैस. रंगाचा एखादा पोचे पडलेला डबा घ्यायचा, एकाने तो लांब भिरकावायचा, ज्याच्यावर राज्य असेल त्याने तो आणून जागेवर ठेवायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांनी लपायचं. डबा सगळ्यांसमोर, माणसं लपलेली. हा खेळ उलटा केला, म्हणजे डबा लपवला आणि माणसांनी तो शोधायचा ठरवलं, तर काय होईल? आणि राज्य असलेल्याच्या मदतीला वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह दिले तर?

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. असा खेळ खरंच आहे, त्याला जिओकॅशिंग म्हणतात, आणि आज जगभर त्याचे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. डोंगरमाथ्यांवर, दीपगृहांपाशी, धबधब्यांच्या बाजूला. मला याचा नाद लागला तो ऑनसाइटला पोर्टलंडला असताना. शनिवारी करायला काही नव्हतं, रूममेटकडे गाडी होती. तो म्हणाला, "चल, जगातला पहिला डबा जिथे ठेवला होता तिथे जाऊन येऊ." मला वाटलं, पहिला डबा म्हणजे काहीतरी भारी जागा असणार. कडा, दरी, खाली नदी वगैरे.

बीव्हरक्रीक नावाच्या गावाजवळचा एक साधा ग्रामीण रस्ता निघाला. रस्त्याच्या कडेला झाडी, झाडीच्या कडेला जमिनीत बसवलेली एक पाटी. संपलं. ना दरी, ना कडा. येताना वाटेत माउंट हूडचा बर्फाळ सुळका दिसला होता, पण तो त्या जागेवरून नाही. रूममेट पाटीचे फोटो काढत होता आणि मी विचार करत होतो, की इतक्या सामान्य जागी सुरू झालेला खेळ जगातल्या इतक्या सुंदर जागांपर्यंत पोचला कसा? परत आल्यावर वाचत बसलो, आणि सोमवारचं ऑफिस जवळजवळ बुडलंच.

थोडं मागे जाऊ. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला चाललं होतं. ते ठरलेल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं, की अमेरिकी सैन्याची जीपीएस यंत्रणा तयार झाली की ती नागरी वापरासाठीही खुली असेल. म्हणजे आज आपण रिक्षावाल्याला 'लोकेशन पाठवतो' म्हणतो, त्याच्या मुळाशी २६९ जणांचा मृत्यू आहे. हे मला माहीत नव्हतं.

पण खुली म्हणजे पूर्ण खुली नव्हे. सैन्याला नेमकी जागा आणि सामान्य जनतेला जरा धूसर जागा, असा मामला होता. हे कसं करायचे ते आपल्या लोकांना आवडेल. जीपीएस म्हणजे शेवटी घड्याळांचा खेळ. उपग्रह वेळ सांगतो, तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, आणि अशी चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे उपग्रहाच्या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा इकडेतिकडे केला, की अंतर १०० मीटरने चुकतं. नागरी संदेशात मुद्दाम अशीच गडबड घातलेली असायची. कोणी बग टाकला तर आपण त्याला शिव्या घालतो, इथे बग हेच फीचर होतं!

१ मे २००० ला क्लिंटन सरकारने ही गडबड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. भारतात तेव्हा २ मेची सकाळ होती. मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे माझ्याकडून काही आठवणी नाहीत. :-) पण त्या रात्री ज्यांच्याकडे जीपीएसची हातातली यंत्रं होती, त्यांना पडद्यावर आपला ठिपका अचानक स्थिर झालेला दिसला. यंत्र तेच, बॅटरी तीच, उपग्रह तेच, आणि चूक मात्र १०० मीटरवरून १० मीटरच्या आसपास.

शंभराचे दहा झाले एवढं ऐकून फारसं काही वाटत नाही, म्हणून गुंठ्यात सांगतो. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे पावणेआठ एकर. एवढ्या रानात डबा शोधायचा तर दिवस जाईल. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे फक्त तीन गुंठे. तीन गुंठ्यांत डबा शोधणं हे कष्टाचं काम नाही, तो खेळ आहे. म्हणजे खेळ शक्य झाला तो त्या एका रात्रीत.

आणि तो सुचायलाही फार वेळ लागला नाही. डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने ३ मे २००० ला बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक बेचकी आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. मग उपग्रह-दिशादर्शनाची चर्चा करणाऱ्या मंडळींना त्याने जागा कळवली: उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′. नियम एकच. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत लोक तिथे पोचले सुद्धा. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग याने डबा शोधला आणि मग असे डबे कुठे कुठे आहेत त्याची यादी आपल्या पानावर ठेवायला सुरुवात केली.

ते अंक कसे वाचायचे तेही सांगतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, एक सागरी मैल. दशांशानंतर तीन आकडे, म्हणजे मिनिटाचा हजारावा भाग, म्हणजे १.८५ मीटर. एखाद्या उंच माणसाएवढं अंतर. इतक्या नेमकेपणाने पृथ्वीवरची जागा सांगता येते, आणि ती कशासाठी सांगितली? तर बीन्सचा डबा शोधायला. मला हे फार आवडतं.

३० मेला मॅट स्टम याने या प्रकाराला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. (आपल्याकडचा कॅश मेमरीवाला कॅश, रोख रकमेचा नव्हे. जंगलात शिधा लपवून ठेवण्याच्या जागेला जुन्या काळापासून हाच शब्द होता.) मग सिॲटलच्या जेरेमी आयरिश नावाच्या वेब प्रोग्रामरने २ सप्टेंबर २००० ला याचं संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा जगात मिळून ७५ डबे होते. पुढे त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली, तिचं सुरुवातीचं भांडवल म्हणजे १४४ टीशर्ट विकून आलेले पैसे. आपल्याकडे स्टार्टअपवाले सादरीकरणांवर सादरीकरणं करतात, इथे टीशर्टवर काम भागलं.

त्या मूळ बादलीचं पुढे काय झालं? गवत कापायच्या यंत्राखाली तिचं नुकसान झालं. पण काही वर्षांनी त्या जागी पाटी बसवायच्या वेळी बीन्सचा तो डबा सापडला, आणि आता तो खेळाच्या मेळाव्यांना पाहुणा म्हणून हिंडतो. गंमत म्हणजे उल्मरचा डबा आजच्या नियमांत बसणारच नाही. डबा पुरायचा नाही, आणि त्यात खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. आजच्या तपासनीसाने जगातला पहिला डबा नापास केला असता!

इथवर वाचून माझी समजूत झाली होती, की हा खेळ म्हणजे जीपीएसचं अपत्य. उपग्रह आले, चूक गेली, खेळ आला. सरळ गोष्ट. पण मग मला कळलं, की डबा, वही आणि दूरची सुंदर जागा हे सगळं यापेक्षा १४६ वर्षं जुनं आहे. त्यासाठी ओरेगॉनमधून इंग्लंडमध्ये जावं लागेल, डार्टमूरला.

डार्टमूर म्हटल्यावर होम्सप्रेमींचे कान टवकारले असतील. बरोबर, बास्करव्हिलच्या कुत्र्याचं डार्टमूर. ओसाड माळ, दलदल, धुकं आणि माथ्यांवर ग्रॅनाइटच्या खडकांचे ढीग. या माळाच्या उत्तर भागात अगदी आतवर क्रॅनमेअर पूल नावाची जागा आहे. पूल म्हणजे तळं, पण तळं नावापुरतंच. काळ्या चिखलट मातीतला खळगा, बहुतेक वेळा पाण्याशिवाय. आजूबाजूला मैलोन् मैल झाड नाही, घर नाही, फक्त गवत आणि आभाळ. डार्ट, टॉ, ओकमेंट अशा नद्या याच परिसरात उगम पावतात. आपल्या महाबळेश्वरसारखं, फक्त देऊळ, स्ट्रॉबेरी आणि गर्दी वजा करून.

त्या काळी तिथे पोचणं सोपं नव्हतं. धुकं उतरलं की दिशा कळत नाही, पाय कुठे रुतेल सांगता येत नाही. म्हणून शहरातून येणारे हौशी लोक वाटाड्या घ्यायचे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरॉट हा त्यातला नावाजलेला वाटाड्या. १८५४ मध्ये त्याने क्रॅनमेअरला एक काचेची बरणी ठेवली. एवढी तंगडतोड करून जो येईल त्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. पुराव्यादाखल म्हणा, हौस म्हणून म्हणा. १८८८ मध्ये बरणीच्या जागी पत्र्याचा डबा आला. १९०५ मध्ये वही आली. १९३७ मध्ये एका स्थानिक वर्तमानपत्राच्या पुढाकाराने दगडी पेटी बांधली गेली.

मधल्या काळात एक सुंदर प्रथा पडली. येणारा माणूस स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड त्या डब्यात ठेवायचा आणि पुढे कोणी तिथे पोचला, की त्याने ते नेऊन टपालात टाकायचं. ते कार्ड घरी कधी येईल ते पुढचा माणूस कधी त्या दलदलीत पोचतो त्यावर अवलंबून. कार्ड आलं म्हणजे कळायचं, आपल्यानंतर तिथे कोणीतरी गेलं होतं. म्हणूनच या छंदाचं नाव 'लेटरबॉक्सिंग' पडलं. १९३८ मध्ये डार्टमूरच्याच दक्षिण भागात डक्स पूलला दुसरी प्रसिद्ध पेटी बसली, या माळाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ. पुढे तर शेकड्यांनी डबे झाले, शंभर डबे शोधणाऱ्यांचा क्लब निघाला, आणि १९९८ मध्ये एका अमेरिकी मासिकात यावर लेख आल्यावर हा छंद अमेरिकेतही गेला. दोन वर्षांनी उपग्रहांची धूसरता गेली तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती.

आता उल्मर आणि पेरॉट शेजारी ठेवून बघा. दोघांचा डबा, दोघांची वही (किंवा कार्ड), दोघांचा नियम एकच, इथे आल्याची खूण ठेवा. फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. पेरॉट लोकांना बरोबर घेऊन जायचा. कोण येतंय ते त्याला दिसायचं. कोणाला कुठवर न्यायचं, धुकं आलं तर कुठून परत फिरायचं, हे तो ठरवायचा. उल्मरने फक्त आकडे दिले. कोण येणार, किती येणार, येऊन काय करणार, हे आकडे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. जीपीएसने वाटाड्या काढून टाकला. वाटाड्या वाट दाखवतो तसा राखणदारही असतो, हे आपल्या लक्षात जरा उशिरा येतं.

या खेळाच्या पुढच्या पंचवीस वर्षांत मला याच दोन गोष्टींची ओढाताण दिसते. एका बाजूला सुंदर जागा दाखवायची हौस, दुसऱ्या बाजूला ती जागा शाबूत ठेवायची काळजी.

हौसेचं उदाहरण आधी. २००१ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी जगात ठिकठिकाणी डबे लपवले गेले, सिनेमात वापरलेल्या वस्तू आत ठेवून. त्यातला एक ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या दाट जंगलात होता. दुसरा वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतात. तिथे आम्ही लाँग वीकेंडला गेलो होतो. जुन्या रेल्वेमार्गावरचा स्नोक्वाल्मी बोगदा, १९१४ च्या सुमारास पुरा झालेला, सुमारे ३.६ किलोमीटर लांब. रेल्वे १९८० मध्ये बंद पडली, रूळ गेले, आता तिथून लोक चालत किंवा सायकलने जातात. आत दिवे नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा थंडी वाजते. सुरुवातीला पलीकडचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि पाऊण तास चालूनही ते मोठं होतंय की नाही कळत नाही. आणि मग एकदम बाहेर. डोळे दिपतात, समोर देवदारांनी भरलेली दरी, पलीकडे डोंगर, खाली महामार्गावर मुंग्यांएवढे ट्रक. या डब्याचं नावच 'टनेल ऑफ लाइट'.

तो डबा २०११ मध्ये चोरीला गेला. नंतर तो पुन्हा सुरू झाला आणि नावाला 'रिक्लेम्ड' असं शेपूट लागलं. मी वहीत नाव लिहिलं. मराठीत लिहिलं, तारीख टाकली, रूममेटने खाली तमिळमध्ये लिहिलं. वही खिशात मावेल एवढी, पण पानं चाळताना जाणवलं, की इथवर आलेला प्रत्येक माणूस साधारण तेच लिहितो. बोगदा लांब आहे, थंडी वाजली, नजारा मस्त आहे, डबा ठेवणाऱ्याचे आभार. कधीही न भेटलेल्या माणसाने आपल्याला त्याची आवडती जागा दाखवली, याबद्दलचे ते आभार आहेत. खरं सांगतो, डब्यातल्या वस्तूंकडे मी नीट बघितलंही नाही.

आता दुसरी बाजू. नेव्हाडातल्या वाळवंटी हमरस्त्याकडेला हजाराहून जास्त डबे ओळीने ठेवले गेले. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, तर अगदी तेवढ्याच अंतरावर एकेक. उतरा, सही करा, गाडीत बसा, पुढे. दिवसात किती झाले ते मोजा. ज्यांना आवडतं त्यांना आवडो बापडे, मला ते टार्गेट पूर्ण करणाऱ्या टीमसारखं वाटतं.

आणि डब्याचा धोका वेगळाच. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर लपवलेल्या एका छोट्या डब्यामुळे रस्ता बंद करावा लागला, बॉम्बविरोधी पथक आलं आणि त्यांनी तो डबा स्फोट करून उडवला. आपल्याला यात नवल वाटायला नको. 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ही घोषणा लोकलच्या फलाटावर ऐकत मोठे झालेलो आपण. मुंबईत एखाद्या बाकाखाली हात घालून काहीतरी चाचपणारा माणूस दिसला, तर मीच आधी पोलिसांना फोन करीन.

निसर्गाचं म्हणाल तर डार्टमूरच्या मंडळींनी आपल्यापुरती आचारसंहिता केली. प्राचीन दगडी वर्तुळं, थडगी, जुन्या भिंती यांत डबा ठेवायचा नाही, दगड उकरायचे नाहीत, सिमेंट वापरायचं नाही. क्रॅनमेअरच्या परिसरात सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो, लाल बावटा वर असेल तेव्हा जायचं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. म्हणजे पंचाईत बघा. जिथले नजारे सर्वांत सुंदर, तिथेच डबा ठेवायला मनाई. आणि मनाई रास्तच आहे. एका डब्याने काही बिघडत नाही, पण डब्याकडे जाणारे शंभर लोक मूळ वाट सोडून तीच तीन गुंठे जमीन तुडवतात, आणि पावसाळा आला की तिथली माती वाहून जाते.

यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार भाग वाटतो. २००४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात वॉस्प हेड इथे पहिली 'अर्थकॅश' सुरू झाली. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेने पुढे ही कल्पना चालवली. अर्थकॅशमध्ये डबाच नसतो. आकडे असतात, आणि प्रश्न असतात. या कड्यातले थर मोजा. हा खडक त्या खडकापेक्षा वेगळा का दिसतो? समुद्राची पातळी पूर्वी कुठे होती ते कशावरून ओळखाल? तिथे जाऊन, डोळे उघडे ठेवून, उत्तर लिहून पाठवलं की झाला शोध. काही घ्यायचं नाही, काही ठेवायचं नाही. उल्मरने घातलेल्या नियमाच्या अगदी उलट, आणि तरी खेळ तोच. शेवटी सगळे डब्यासाठी नव्हे, तर नजाऱ्यासाठीच जात होते ना, मग डबा कशाला?

अर्थात अतिरेक केल्याशिवाय माणूस थांबत नाही. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट नावाचा व्हिडिओ गेम बनवणारा गृहस्थ स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला आणि तिथल्या रशियन भागातल्या २१८ क्रमांकाच्या लॉकरवर त्याने कॅशचं लेबल लावलं. २०१३ मध्ये रिक मास्ट्राकियो या अंतराळवीराने तो रीतसर शोधला. नजाऱ्याबद्दल बोलायलाच नको, ४०० किलोमीटरवरून दीड तासात अख्खी पृथ्वी. फक्त ही जागा एका सेकंदात साडेसात किलोमीटर पुढे सरकते, तेव्हा तीन दशांशांचा नेमकेपणा काय कामाचा!

आणि १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर या खेळाचा एक सांकेतिक क्रमांक आहे. तो जिथे छापलाय तो अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेच्या साहित्याचा तुकडा आहे, एका उपकरणाचं मोजमाप तपासण्यासाठी बसवलेला. उपकरणाचं नाव शेरलॉक, त्याच्या कॅमेऱ्याचं नाव वॉटसन, आणि त्या तुकड्यावर २२१ बी बेकर स्ट्रीट हा पत्ता. डार्टमूरच्या चिखलातून निघालेली गोष्ट मंगळावर होम्सच्या पत्त्यावर पोचली, हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय.

आता माझ्याबद्दल थोडं, आणि मग थांबतो.

सह्याद्रीत एक जागा आहे. किल्ल्याचं नाव सांगत नाही, कारण तेच तर सांगायचंय. मुख्य वाट सोडून वीस मिनिटं आडवं गेलं की कड्याच्या टोकाला एक सपाट कातळ आहे. खाली अख्खं कोकण. ऑक्टोबरच्या सकाळी ढग पायाखाली असतात. ती जागा आम्हाला एका धनगर मामांनी दाखवली. मी सवयीने फोन काढून अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवले. मामांनी विचारलं काय करताय, तर सांगितलं की पुढच्या वेळी वाट चुकू नये म्हणून. ते म्हणाले, "तुमी या की परत, मी हायेच. पर त्यात लिवलं म्हंजे सगळेच येनार. मग माझ्या गुरांनी पानी कुठं प्यावं?" कातळाच्या मागे एक बारीकसं टाकं होतं, ते मी तोवर बघितलंही नव्हतं.

अमेरिकेतून परत आल्यावर तिथे डबा ठेवायचा माझा पक्का बेत होता. हवाबंद डबा आणला, वही आणली, पेन्सिलीला टोक करून ठेवलं. पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कोणीतरी एक रील टाकतो, पुढच्या शनिवारी पाचशे दुचाक्या, आणि मग दरवर्षी जमावबंदीचे आदेश. ते आठवलं, मामांचं टाकं आठवलं, आणि डबा माळ्यावर गेला. सध्या त्यात आईने मेथीदाणे ठेवलेत.

कोणी म्हणेल हा स्वार्थीपणा झाला. मला बोगद्यापलीकडची दरी कोणा अनोळखी माणसाने दाखवली, आणि मी मात्र माझी जागा लपवून बसलोय. हा प्रश्न मलाही टोचतो. अर्थकॅश करता येईल का, याचाही विचार केला. पण डबा नसला तरी आकडे असतातच, आणि आकडे एकदा दिले की परत घेता येत नाहीत. म्हणून मी उल्मरऐवजी पेरॉटचा मार्ग धरलाय. आकडे देत नाही, पण माणसं घेऊन जातो. आतापर्यंत चार वेळा गेलो, एका वेळी सहाच्या वर नाही. वही न्यायची, तिथे बसून सगळ्यांनी नोंद करायची, आणि वही परत आणायची. मागच्या खेपेला मामांनी अंगठ्याऐवजी सही केली, नातीने शिकवली म्हणे.

पुढची फेरी पाऊस सरल्यावर. यायचं असेल तर आधी कळवा. पाणी घरून भरून आणा, टाक्याला हात लावायचा नाही. आणि वर पोचेपर्यंत फोन माझ्याकडे जमा. :-)